चौसष्ट दिव्यांची पाटी

(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



साठ वर्षांपूर्वी पहिलीत येणाऱ्या मुलाच्या दप्तरात पाटी असे. वही महाग होती, हे त्याचे एक कारण. पण पाटीचा खरा गुण वेगळाच होता. पाटीवर चुकता येत असे. चुकलेले अक्षर ओल्या फडक्याने पुसले की पाटी पुन्हा कोरी होई आणि मूल पुन्हा गिरवू लागे. वहीवर लाल शाईची खूण राहते, पाटीवर ती राहत नाही. न घाबरता चुकण्याची ही सोय ज्या साधनात असते, ते साधन मुलाला शिकवून जाते.

या व्याख्यानाचा विषय अशीच एक नवी पाटी आहे. ती तळहातावर मावते. तिच्यावर आठ ओळींत प्रत्येकी आठ, असे चौसष्ट रंगीत दिवे आहेत. एका कोपऱ्यात बोटाने हलवायची छोटी दांडी आहे. बाकी जागेत डोळ्यांना जेमतेम दिसतील असे संवेदक आहेत: तापमान, आर्द्रता आणि वायुदाब मोजणारे, हालचाल, फिरकी आणि पृथ्वीचे चुंबकत्व ओळखणारे. तिचे नाव सेन्स हॅट. रास्पबेरी पाय नावाच्या लहानशा संगणकाच्या चाळीस पिनांवर ती टोपीसारखी बसते. इंग्रजीत ‘हॅट’ म्हणजे टोपी आणि त्याच तीन आद्याक्षरांत ‘हार्डवेअर अटॅच्ड ऑन टॉप’, म्हणजे वर बसवलेले उपकरण, हा अर्थही साधलेला आहे.

विषय वरकरणी छंदाचा वाटतो. परंतु त्यामागे एक प्रश्न आहे आणि तो बृहन्महाराष्ट्रातील प्रत्येक मराठी शाळेच्या दारात दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत उभा राहतो. वडील फॉर्म हातात घेऊन थांबतात, आई हळूच विचारते, ‘सगळे खरे, पण मराठी माध्यमात घातले, तर पुढे मुलाला संगणक जमेल ना?’ हा प्रश्न विचारणारे आईवडील मराठीचे वैरी नसतात. पुष्कळदा ते याच शाळेचे माजी विद्यार्थी असतात. म्हणून त्या प्रश्नाला घोषणेने उत्तर देऊ नये, उदाहरणाने द्यावे.

प्रथम या यंत्राचे कुळ पाहावे. १९८१च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये बीबीसी मायक्रो नावाचा संगणक बाजारात आला. जनतेला संगणकसाक्षर करण्याचा संकल्प बीबीसीने केला होता आणि त्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने हे यंत्र घडवले. सुरू करताच पडद्यावर खूणचिन्ह येई आणि यंत्र आज्ञेची वाट पाहत राही. आज्ञा लिहिल्याशिवाय ते काहीच करत नसे. त्यामुळे मुलांना लिहावेच लागे. हेच यंत्र पुढे भारतातही आले. १९८४मध्ये केंद्र शासनाने शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक साक्षरतेचा प्रायोगिक कार्यक्रम सुरू केला, तेव्हा निवडक शाळांत बीबीसी मायक्रो पोहोचले. श्रोत्यांमध्ये आज पन्नाशी ओलांडलेले जे आहेत, त्यांच्यापैकी एखाद्याला बुटांची जोडी दाराबाहेर काढून वातानुकूलित खोलीत प्रवेश केल्याचे आणि एका पडद्यामागे सहा-सात डोकी दाटल्याचे आठवत असेल.

नंतर संगणक घरोघर आले, पण खूणचिन्ह लोपले. मुले संगणक वापरू लागली आणि त्याला काही सांगणे मात्र विसरली. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्राला येणाऱ्या विद्यार्थ्यांना पूर्वीइतका प्रोग्राम लिहिण्याचा सराव नसतो, हे एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले. त्यातून स्वस्त, उघड्या अंगाचा, मोडला तरी जीव खालीवर होऊ नये असा संगणक करण्याची कल्पना निघाली. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी रास्पबेरी पाय विक्रीला आला. किंमत ३५ डॉलर. त्याच्या पहिल्या दोन प्रकारांची ‘मॉडेल ए’ आणि ‘मॉडेल बी’ ही नावे बीबीसी मायक्रोवरूनच घेतलेली आहेत. म्हणजे त्या वातानुकूलित खोलीतल्या यंत्राचा हा नातू.

सेन्स हॅटचा जन्म मात्र अंतराळासाठी झाला. ब्रिटिश अंतराळवीर टिम पीक २०१५च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेले. त्याच महिन्यात दोन रास्पबेरी पाय, डोक्यावर सेन्स हॅट घालून, स्थानकाकडे रवाना झाले होते. ॲस्ट्रो पाय असे त्या प्रकल्पाचे नाव. शाळकरी मुलांनी लिहिलेले प्रोग्राम त्यांवर चालवायचे होते. एका प्राथमिक शाळेतील मुलांची कल्पना मोठी गोड होती: माणूस यंत्राजवळ आला की त्याच्या श्वासातील व घामातील बाष्पाने तिथली आर्द्रता किंचित वाढेल, तेव्हा आर्द्रता पाहून जवळ कोणी आहे का, हे यंत्राला ओळखता येईल. अंतराळवीरालाही घाम येतो, ही गोष्ट दहा-अकरा वर्षांच्या मुलाला सुचते आणि ती चारशे किलोमीटर उंचीवर तपासली जाते, यातच साधनाचे मोल कळते. ती स्पर्धा आजही चालते. प्रवेश युरोपीय अवकाश संस्थेच्या सदस्य देशांतील मुलांना आणि मोजक्या इतर देशांना आहे. परंतु तीच पाटी भारतातील शाळेच्या बाकावर ठेवता येते, आणि बाकावर काय घडते हे पाहण्याजोगे आहे.

एक विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणावी. आठवीतली, घरी मराठी बोलणारी, रस्त्यावर त्या प्रांताची भाषा बोलणारी, दूरदर्शनवर हिंदी ऐकणारी. तीन भाषांत तिची ये-जा बिनबोभाट चालते. तिला पायथन या भाषेतल्या चार-पाच ओळी दिल्या जातात. सेन्स हॅटचे ग्रंथालय बोलाव, तापमान विचार, आलेला आकडा दिव्यांवर सरकवून दाखव. ती ओळी लिहिते. एक कंस सुटतो, यंत्र अडते. ती कंस घालते, यंत्र चालते. दिव्यांवरून लाल अंक सरकू लागतात: ३७.

वर्ग टाळ्या वाजवतो. इथे बहुतेक कार्यशाळा संपतात, छायाचित्र निघते आणि पाहुणे चहाला जातात. खरा धडा मात्र इथे सुरू होतो. कारण भिंतीवरचा साधा तापमापक २९ अंश दाखवत असतो.

दोघांपैकी एक चुकतो आहे. कोण? मुलीचे पहिले उत्तर ठरलेले: भिंतीवरचा. तो जुना आहे, काचेचा आहे, दहा रुपयांच्या वस्तूंसारखा दिसतो. आणि संगणक कसा चुकेल? शिक्षक उत्तर देत नाहीत. ते फक्त वही पुढे करतात. मुलगी पंखा लावते. भिंतीवरचा आकडा हलत नाही, यंत्राचा दोन-तीन अंशांनी उतरतो. हे चमत्कारिक आहे, कारण पंखा हवा हलवतो, खोलीची हवा थंड करत नाही. मग ती यंत्र बंद करते, अर्धा तास थांबते, पुन्हा सुरू करून लगेच वाचन घेते. आता दोन्ही आकडे जवळजवळ सारखे. दर मिनिटाला ती पुन्हा वाचत जाते आणि यंत्राचा आकडा एकेक पायरी चढत जातो. वहीत दोन रकाने उभे राहतात. मुलगी त्या रकान्यांकडे पाहते आणि तिला उमगते: संवेदक खोटे बोलत नाही. तो जिथे बसला आहे, तिथले तापमान अचूक सांगतो आहे. पण तो बसला आहे संगणकाच्या तापलेल्या प्रक्रियकाच्या डोक्यावर. चुलीवर ठेवलेल्या तव्याला गावाचे हवामान विचारल्यासारखे हे झाले.

यावर उपाय आहेत. लांब पट्टीच्या तारेने पाटी संगणकापासून दूर नेता येते. किंवा प्रक्रियकाचे स्वतःचे तापमान विचारून, दोहोंतील फरकाचा काही अंश वजा करता येतो. तो अंश किती, हे कोणत्याही पुस्तकात तिच्या खोलीसाठी लिहिलेले नाही. तिने तो भिंतीवरच्या तापमापकाशी ताडून काढायचा आहे. अपूर्णांक, सरासरी आणि आलेख हे तिन्ही धडे इथे बिनबोलावता येतात. शिवाय पाटी तापलेली असल्याने तिची आर्द्रताही खोलीपेक्षा कमी भरते, हे तिला दुसऱ्या आठवड्यात आपोआप कळते. अवकाश स्थानकात तर प्रश्न आणखी वेगळा असतो. तिथे वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जातच नाही, यंत्राभोवतीच कोंडते. म्हणून ॲस्ट्रो पायला पंख्यासारख्या कंगोऱ्यांची ॲल्युमिनियमची पेटी द्यावी लागली, जिच्या पृष्ठभागाचे तापमान ४५ अंशांवर जाऊ नये असा दंडक होता. ‘गरम हवा हलकी असते म्हणून वर जाते’ हे विज्ञानाच्या पुस्तकातले वाक्य. ‘वर’ म्हणजे काय, हा प्रश्न मात्र तिला त्या पेटीने विचारला.

आता दुसरी गोष्ट, आणि ती पहिलीच्या नेमकी उलट आहे.

तीच मुलगी वायुदाब मोजू लागते. समुद्रसपाटीला दाब सरासरी १०१३ हेक्टोपास्कल, असे पुस्तकात आहे. इंदूर किंवा हैदराबादसारख्या, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरच्या शहरात यंत्र साडेनऊशेच्या आसपास आकडा दाखवते. एकदा तोंड पोळलेली मुलगी आता ताकही फुंकून पिते. ती लगेच मान्य करत नाही. पाटी घेऊन ती तळमजल्यावरून गच्चीवर जाते. दर नऊएक मीटर चढल्यावर दाब सुमारे एक हेक्टोपास्कलने उतरतो, हे तिच्या नोंदीत दिसते. उंचीचा हिशेब जुळतो. आता विश्वास बसतो.

मग ती यंत्राला सांगते, दर दहा मिनिटांनी दाब मोज आणि आठवडाभर नोंदत राहा. हे काम माणूस करू शकत नाही. यंत्र कंटाळत नाही, हा त्याचा खरा गुण. आठवड्याने ती आलेख काढते आणि कपाळाला हात लावते. रेषा सरळ नाही. ती रोज दोनदा वर जाते आणि दोनदा खाली येते. सकाळी दहाच्या सुमारास शिखर, दुपारी चारला दरी, रात्री दहाला पुन्हा शिखर, पहाटे चारला पुन्हा दरी. फरक दोन ते चार हेक्टोपास्कलचा, पण घड्याळ लावावे असा नेमका.

तिचा पहिला संशय अर्थातच उष्णतेवर जातो. दुपारी यंत्र तापते, म्हणून दाब चुकत असेल. पण ती थांबते. तापमान दिवसातून एकदाच चढते आणि एकदाच उतरते, दाब दोनदा. पहाटे चारला, खोली सर्वांत थंड असताना, दाब पुन्हा का उतरतो? उष्णतेच्या चुकीने एक लाट आली असती, दोन नाहीत. ती पाटी दुसऱ्या खोलीत नेते, तारेने दूर ठेवते, आणखी एक आठवडा नोंदी घेते. लाटा तशाच येतात.

हे यंत्राचे चुकणे नव्हे. हा वातावरणाचा श्वास आहे. सूर्याची उष्णता वरच्या थरांतील ओझोन आणि खालच्या थरांतील बाष्प शोषून घेतात आणि त्यातून साऱ्या वातावरणात बारा तासांची एक लाट उठते. समुद्राला जशी भरती-ओहोटी, तशी ही हवेची. मात्र ती चंद्रापेक्षा सूर्याच्या तापाने उठते. विषुववृत्ताकडे ती ठळक असते, ध्रुवांकडे क्षीण होत जाते. इंग्लंडमध्ये अटलांटिकवरून येणाऱ्या वादळी पट्ट्यांमुळे दाब इतका वर-खाली होतो की ही इवली लाट त्यात बुडून जाते. ज्या देशात ही पाटी घडवली गेली, तिथल्या मुलाला वर्गाच्या खिडकीशी बसून जे सहसा दिसत नाही, ते भारतातल्या मुलीला शांत हवेच्या कोणत्याही आठवड्यात दिसते. साधन परदेशी असेल. निरीक्षण तिचे स्वतःचे आहे.

पालकहो, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. एकीत यंत्राचा आकडा खरा वाटला आणि तो खोलीबद्दल चुकीचा निघाला. दुसरीत तो चुकीचा वाटला आणि खरा निघाला. संगणक शिकणे म्हणजे कळा दाबणे नव्हे, आज्ञा पाठ करणेही नव्हे. आकड्यावर संशय घ्यायचा, पण संशयावरही संशय घ्यायचा, आणि दोहोंचा निकाल वहीत लावायचा, हे ते शिक्षण. आता प्रश्न असा की, हा संशय मुलगी कोणत्या भाषेत घेते? ‘असं कसं होईल?’ हे वाक्य ती कोणत्या भाषेत उच्चारते? उत्तर देण्याची गरज नाही. जी भाषा तिच्याशी भांडताना, हट्ट करताना, स्वप्नात बोलताना सोबत असते, त्याच भाषेत ती यंत्राशी भांडते.

परंतु दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पायथनचे राखीव शब्द इंग्रजी आहेत. ते पस्तीस आहेत: इफ, एल्स, फॉर, व्हाइल असे. पस्तीस शब्द ही कोणत्याही मुलाच्या आवाक्यातली गोष्ट आहे. संगीत शिकणारे मूल याहून अधिक संज्ञा शिकते. पुढची माहितीपुस्तके, चुकीचे संदेश, जाणकारांचे लेखन हे मात्र बहुतांशी इंग्रजीत आहे आणि ते वाचता आलेच पाहिजे. म्हणून मराठी शाळेने इंग्रजी कच्चे ठेवून मराठीचा अभिमान मिरवू नये. तसे करणे मुलांवर अन्याय ठरेल. विचार मातृभाषेत पक्का करावा आणि इंग्रजीही नीट शिकवावी. यांत निवड करण्याची वेळ मुलावर आणूच नये.

आणि यंत्र मराठीला वाटते तितके परके नाही. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांना देवनागरीत नावे देता येतात. मुलगी ‘तापमान’ किंवा ‘वायुदाब’ हे नाव लिहून त्यात आकडा साठवते आणि यंत्र तक्रार करत नाही. मात्र ती जेव्हा दिव्यांवर स्वतःचे नाव मराठीत सरकवू पाहते, तेव्हा पाटी हात वर करते. तिच्या अंगभूत अक्षरसंचात रोमन अक्षरे, अंक आणि काही चिन्हे आहेत; देवनागरी नाही. इथे दोन वाटा असतात. नाव रोमनमध्ये लिहून मोकळे व्हावे, किंवा अक्षरे स्वतः घडवावीत.

दुसरी वाट धरणारे मूल जे शिकते ते अपूर्व आहे. आठ गुणिले आठ चौकटींत ‘म’ बसवायचा. वरची ओळ मात्रेसाठी राखावी तर शिरोरेषा दुसऱ्या ओळीत येते. उकारासाठी खाली जागा सोडावी तर अक्षराला जेमतेम पाच ओळी उरतात. रोमन अक्षरांमध्ये एक रिकामा उभा रकाना पुरतो. देवनागरीत शब्दभर शिरोरेषा अखंड तेवत ठेवावी लागते, नाहीतर अक्षरे तुटक दिसतात. त्यातच ऱ्हस्व इकार येतो. तो उच्चारात व्यंजनानंतर, संगणकाच्या साठवणीतही व्यंजनानंतर, पण डोळ्यांना मात्र व्यंजनाआधी दिसला पाहिजे. म्हणजे दाखवण्यापूर्वी क्रम बदलण्याची आज्ञा लिहायला हवी. आणि ‘शाळा’ या शब्दाची लांबी पायथनला विचारली तर उत्तर येते चार. मूल म्हणते, छे, अक्षरे दोनच. दोघेही बरोबर आहेत. यंत्र काना स्वतंत्र मोजते, मूल मोजत नाही. ज्याने हे कोडे आठवीत सोडवले, त्याला लिपी म्हणजे काय आणि माहितीची साठवण म्हणजे काय, हे दोन्ही एकदमच कळले. मराठी इथे अडथळा ठरली नाही; ती अधिक अवघड, आणि म्हणूनच अधिक चांगले गणित ठरली.

शेवटी व्यवहाराचे. माजी विद्यार्थी शाळेला काही द्यावे म्हणतात, तेव्हा यंत्र देणे सर्वांत सोपे असते. देशात हजारो शाळांत अटल टिंकरिंग लॅब उभ्या आहेत. साधनांची वानवा पूर्वीइतकी उरलेली नाही. सेन्स हॅटची तर फुकट मिळणारी आभासी प्रतिकृतीही आहे. तीत पडद्यावरच्या पट्ट्या सरकवून तापमान व दाब बदलता येतात आणि प्रोग्राम तपासता येतो. मात्र तापलेल्या प्रक्रियकाचा धडा आणि पहाटे चारची दरी त्या प्रतिकृतीत भेटत नाही. त्यासाठी एक तरी खरी पाटी, भिंतीवर एक साधा तापमापक आणि नोंदींची वही हवी. आणि या तिन्हींपेक्षा दुर्मीळ अशी एक गोष्ट हवी: आठवड्यातील एक दुपार मुलांसोबत बसून उत्तर न सांगण्याचा संयम असलेला माणूस. कपाटातील कुलूपबंद यंत्रांच्या यादीत भर घालण्यापेक्षा माजी विद्यार्थ्यांनी ती दुपार द्यावी. ज्याला संगणक येतो त्याने मराठीत बोलावे. ज्याला येत नाही त्याने मुलांशेजारी बसून शिकावे. मुलांना दुसऱ्या प्रकारचा माणूस पाहण्याची गरज कदाचित अधिक आहे.

प्रवेशाच्या दिवशी हळू आवाजात विचारलेल्या त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही भाषणाने मिळणार नाही. ते शाळेच्या एखाद्या खोलीत, वहीच्या दोन रकान्यांत लिहिलेले सापडावे लागेल. विचारणाऱ्या आईला कार्यालयातून उठवून त्या खोलीत न्यावे. तिथे एखादी मुलगी दिव्यांवर सरकणाऱ्या आकड्याकडे पाहत, भुवया आवळून, शुद्ध मराठीत म्हणत असेल, ‘थांब, हे बरोबर दिसत नाही.’